शनिवारच्या स्पर्धेचे बॅन कशावर आणि कुणी ठरवायचे? (पोकेमॉन, सिंगल्स)

मुठेकाठचा_गार्चॉम्प | रविवार, सकाळी १०:१५

नमस्कार मंडळी,

काल कर्वेनगरच्या हॉलवर शेवटच्या दोन फेऱ्यांपेक्षा वादच जास्त रंगला, म्हणून हा धागा. काल ज्यांना जमलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपण चौदा जण शोडाउन या लढतींच्या वेबसाइटवर नवव्या पिढीचं (म्हणजे पोकेमॉन गेमच्या नवव्या संचाचं) सिंगल्स खेळतो, सहा विरुद्ध सहा, मैदानात एका वेळी एकेकच. आजवर 'स्मोगॉनचं ओयू' (त्यांच्या टियरपैकी, म्हणजे पोकेमॉनच्या गटांपैकी, मुख्य गट) एवढं म्हणायचो आणि सुरू करायचो. काल तीन मागण्या एकदम आल्या. किंगॅम्बिट हा पोकेमॉन बॅन करा, कारण तो निम्म्या टीममध्ये दिसतो. स्लीप, म्हणजे समोरच्याला झोपवणाऱ्या चाली, परत आणा. आणि तिसरी, बाहेरच्यांच्या याद्या कशाला, आपल्यात कोण काय किती वापरतं ते मोजू आणि आपले टियर आपणच बनवू.

तिसरी मागणी ऐकायला सगळ्यात छान आहे आणि मला तीच सगळ्यात धोक्याची वाटते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

स्मोगॉन हा खेळाडूंनी २००४ पासून चालवलेला समुदाय आहे, कंपनीचा नाही. त्यांचे टियर दोन अगदी वेगळ्या पद्धतींनी ठरतात आणि बहुतेक भांडणं त्या दोन्हींची गल्लत केल्यामुळे होतात. ओयू, यूयू, आरयू, एनयू, पीयू ही उतरंड वापरावरून, म्हणजे पोकेमॉन किती टीममध्ये असतो त्यावरून, लागते. उबर्सचं तसं नाही. ओयूत राहिला तर खेळ बिघडतो असं ठरवून ज्याला बाहेर काढलं, तो उबर्समध्ये जातो. तिथे मोजणीचा संबंध नाही, तो खेळाडूंनी केलेला निवाडा असतो.

वापर म्हणजे ताकद नव्हे, हे त्यांनाही माहीत आहे. म्हणून तर यूयूबीएल नावाचा कप्पा आहे. यूयूत फार जड होतात पण ओयूत कुणी फारसे घेत नाही, असे पोकेमॉन तिथे असतात.

आता आकडा बघा. ओयूची रेघ ४.५२ टक्क्यांवर आहे. लॅडरवर (शोडाउनच्या क्रमवारीच्या लढतींत) १५ लढती खेळल्या तर एखादा पोकेमॉन समोरच्याकडे निदान एकदा दिसण्याची शक्यता निम्मी भरावी, या हिशेबातून ती आलेली आहे. पूर्वी हाच हिशेब २० लढतींवर धरायचे, तेव्हा रेघ ३.४१ वर होती. लॅडरवर इतक्या लढती होतात की एकट्यादुकट्याच्या आवडीने हा आकडा हलत नाही.

आपल्याकडे चौदा टीम. एकाने एखादा पोकेमॉन आणला की त्याचा वापर झाला ७.१ टक्के. म्हणजे कुणी एकाने हौसेने डनस्पार्स आणला, तरी तो ओयू. आणि त्याच शनिवारी कुणालाच ड्रॅगापल्ट आणावासा वाटला नाही, तर ड्रॅगापल्ट घसरून तळाला. आपण बावीस जण होईपर्यंत हेच चालणार, कारण बाविसात एक म्हणजे ४.५५, अजून रेघेच्या वरच. त्यातून आपल्याला टियर मिळणार नाहीत, मागच्या शनिवारी कोण आलं होतं त्याची हजेरी मिळेल.

माझं म्हणणं: उतरंड बाहेरची जशीच्या तशी घ्या. बॅनवर मात्र आपण बोलू शकतो आणि बोलावं.

---

पर्वतीपायथा | रविवार, सकाळी १०:५२

बावीसचं गणित करून पाहिलं, बरोबर आहे. तिसरी मागणी माझीच होती, ती मागे घेतो. पण मग एक सांगा. मोजणी लोक कशाने जिंकतात ते दाखवत नाही, लोक काय आणतात तेवढंच दाखवते. मग लॅडरवरचा आकडा तरी कशाला मानायचा?

---

जुना_टॉरोस | रविवार, सकाळी ११:३०

@पर्वतीपायथा, मानायचा, कारण टियरचं मूळ काम वेगळं आहे. ज्याला ओयूत जागा मिळत नाही त्याला खेळायला मैदान मिळावं म्हणून खालचे टियर आहेत. कोण श्रेष्ठ याची ती यादी नाही. ज्या पोकेमॉनशी ओयूत सतत गाठ पडते ते वर ठेवले, की उरलेल्यांचा वेगळा खेळ तयार होतो आणि तो खरंच वेगळा असतो. यूयूत उतरल्यावर धोके बदलतात, भिंती बदलतात, ओयूत कुणी पाहिलंही नसतं अशा जोड्या जमतात. एवढ्या कामाला वापराचा आकडा पुरतो.

---

सिंहगडरोडची_आई | रविवार, दुपारी १२:१०

मी खेळत नाही. माझी मुलगी आठवीत आहे, ती दर शनिवारी येते आणि मी मागे बसून बघते, त्यामुळे आता बरंच समजतं. स्लीप परत आणायची मागणी आहे म्हणून लिहितेय.

घरी ती तिच्या मावसभावाशी खेळते तेव्हा त्यांच्यात स्लीप चालतं. त्याच्याकडे स्पोअर (झोपवणारी चाल) टाकणारा ब्रेलूम आहे. एकदा तिचा पोकेमॉन झोपला की ती चाल निवडते, स्क्रीन म्हणते झोपला आहे. पुन्हा निवडते, पुन्हा तेच. तेवढ्यात तो स्वोर्ड्स डान्स करून, म्हणजे स्वतःचा अटॅक वाढवून, मोकळा. हरल्याचं तिला काही वाटत नाही, आपल्याकडे तर ती सारखी मोठ्यांकडून हरते आणि हसत घरी येते. पण तिथून उठते तेव्हा म्हणते, "आई, मी खेळलेच नाही." मला वाटतं नियम करताना हे धरावं.

---

मुठेकाठचा_गार्चॉम्प | रविवार, दुपारी १२:४०

ताई, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. बॅनची कारणं दोन जातींची असतात. एक, गोष्ट फार ताकदवान आहे. दुसरं, गोष्ट ताकदवान असो-नसो, ती निर्णय खेळाडूच्या हातातून काढून नशिबाकडे देते. डबल टीमसारख्या चकवण्याच्या चाली आणि फिशरसारख्या एका फटक्यात संपवणाऱ्या चाली फार पूर्वीपासून बंद आहेत त्या या दुसऱ्या कारणाने. फिशर ३० टक्केच लागतो, त्याला कुणी ताकदवान म्हणणार नाही. पण लागला की आधीच्या वीस चालींचा विचार वाया जातो.

---

जुना_टॉरोस | रविवार, दुपारी १:०५

स्लीपचा इतिहास थोडा सांगतो, माझा आवडता विषय आहे.

पहिल्या पिढीत, म्हणजे १९९६ च्या त्या मूळ १५१ पोकेमॉनच्या खेळात, झोप सात चालींपर्यंत टिकायची आणि ज्या चालीला जाग यायची ती चालही फुकट जायची. म्हणून स्लीप क्लॉज आला: समोरच्याचा एक पोकेमॉन तुम्ही झोपवलेला असेल तर दुसरा झोपवायचा नाही. हा नियम वर्षानुवर्षं चालला, पण त्याच्यात एक अडचण होती. मूळ गेममध्ये असं काही नाहीच. शोडाउनवर दुसऱ्यांदा स्पोअर टाकला तर तो आपोआप फसतो, गेममध्ये तो खुशाल लागतो. म्हणजे नियम पाळायला खेळाचं यंत्रच बदलावं लागलं होतं. २०२४ मध्ये नवव्या पिढीच्या ओयूत तो मार्ग सोडून दिला आणि झोपवणाऱ्या चालीच सरसकट बंद केल्या. रेस्ट अजून चालते, कारण तिच्यात तुम्ही स्वतःच झोपता.

आता झोप एक ते तीन चालींची असते. कमी वाटते, पण एक की तीन हे कुणाच्याच हातात नसतं. एकीला उठला तर टाकणाऱ्याचा डाव उलटतो, तिसरीला उठला तर लढत संपलेली असते. स्लीप परत आणण्याला माझा विरोध.

अवांतर: तिसऱ्या पिढीत वॉबफेट उबर्समध्ये होता तो फटके मारायचा म्हणून नव्हे, त्याच्याकडे स्वतःहून मारायला चालच नाही. पण शॅडो टॅग या अॅबिलिटीमुळे (अॅबिलिटी म्हणजे पोकेमॉनचा अंगचा गुण) समोरच्याला बाहेर पडता येत नाही आणि दोन वॉबफेट लेफ्टोव्हर्स (दर चालीला थोडा जीव भरून देणारी वस्तू) घेऊन समोरासमोर आले तर लढत कधीच संपत नाही. बॅन म्हणजे राक्षसांनाच असं नसतं.

---

हिंजवडी_डबल्स | रविवार, दुपारी २:२०

मी व्हीजीसीवाला, म्हणजे अधिकृत पद्धतीचं डबल्स (मैदानात दोन विरुद्ध दोन). तुमच्याकडे अधूनमधून येतो. मला एक प्रामाणिक प्रश्न आहे: बॅनची एवढी गरजच का पडते?

आमच्याकडे ताकद बघून कुणाला काढत नाहीत. सहा आणायचे, त्यातले चार निवडायचे, सगळे पातळी ५० वर, एक वस्तू एकदाच. बाकी काही महिन्यांनी रेग्युलेशन, म्हणजे कोण चालेल याची यादी, बदलतं. रेग्युलेशन जीमध्ये कायोगरसारखा एक रिस्ट्रिक्टेड (फार ताकदवान लेजेंडरी) चालायचा, एचमध्ये लेजेंडरी आणि पॅराडॉक्स अजिबात नव्हते, आयमध्ये दोन रिस्ट्रिक्टेड आले. इन्सिनरोर कितीतरी काळ बहुतेक टीममध्ये आहे, त्याला कुणी हात लावला नाही. लोकांनी त्याच्याशी खेळायला शिकून घेतलं.

आणि बॅनशिवाय विविधता येत नाही असंही नाही. २०१४ च्या जागतिक स्पर्धेत से-जुन पार्क पाचिरिसू घेऊन जिंकला. पाचिरिसूला तेव्हा कुणी मोजतही नव्हतं. त्याने नेमकं ओळखलं होतं की फॉलो मी टाकून गार्चॉम्प आणि गयाराडॉसवरचे हल्ले अंगावर घेईल असा कुणीतरी आपल्याला हवाय.

---

मुठेकाठचा_गार्चॉम्प | रविवार, दुपारी ३:००

@हिंजवडी_डबल्स, पाचिरिसू माझ्याही काळजाचा विषय आहे. पण तुमचा खेळ आणि आमचा खेळ एक नाही. डबल्समध्ये एखादा फुगायला (चालींनी ताकद वाढवायला) लागला तर दोघं मिळून त्याच्यावर तुटून पडता येतं, शेजाऱ्यासाठी फॉलो मी असतं, हल्ला अडवणारा प्रोटेक्ट जवळपास प्रत्येकाकडे असतो. समतोल साधायची हत्यारं मैदानातच आहेत. सिंगल्समध्ये एकट्याने एका मोकळ्या चालीत स्वोर्ड्स डान्स केला, की पुढच्या चालीला तुमचं उत्तर तयारच हवं. नसेल तर पाचही जण रांगेने पडतात. शिवाय रेग्युलेशन बदलणं हाही एक बॅनच झाला, फक्त तो कंपनी करते आणि कारण सांगत नाही.

---

हिंजवडी_डबल्स | रविवार, दुपारी ३:१२

कारण सांगत नाही हे मान्य. प्रोटेक्टचा मुद्दाही पटला.

---

रास्तापेठ_किंगड्रा | रविवार, संध्याकाळी ६:४५

उशिरा आलो. माझा मुद्दा वेगळाच आहे: बॅन करायचाच तर कशाला करायचा? पोकेमॉनला, चालीला, अॅबिलिटीला, की दोन गोष्टींच्या जोडीला?

पाचव्या पिढीत पोलिटोएडला ड्रिझल, ही पाऊस आणणारी अॅबिलिटी, मिळाली. तेव्हा अॅबिलिटीने आलेला पाऊस थांबायचाच नाही, आतासारखा पाच चालींत उघडायचा नाही. आणि माझ्या लाडक्या किंगड्राला, लुडिकोलोला, काबुटॉप्सला स्विफ्ट स्विममुळे पावसात दुप्पट वेग. २०११ मध्ये ठरलं की एका टीममध्ये ड्रिझल आणि स्विफ्ट स्विम एकत्र आणायचे नाहीत. पोलिटोएड राहिला, किंगड्रा राहिला, फक्त जोडी तुटली. मला हा आजवरचा सगळ्यात समजूतदार बॅन वाटतो. किंगॅम्बिटलाही असंच करू: किंगॅम्बिट ठेवा, त्याला टेरा (लढतीत पोकेमॉनचा प्रकार बदलायची सोय) वापरू देऊ नका.

---

जुना_टॉरोस | रविवार, रात्री ८:३०

@रास्तापेठ_किंगड्रा, दादा, इथे मात्र मी तुमच्या विरोधात.

जोडीचा बॅन एकदा सुरू झाला की थांबायचं कुठे? आज किंगॅम्बिटला टेरा नको. उद्या ड्रॅगनाइटला नको. परवा गार्चॉम्पने स्वोर्ड्स डान्स घ्यायचा नाही. नवीन आलेल्या पोराला टीम बनवायच्या आधी दोन पानांचा करारनामा वाचावा लागेल. पावसाचा नियम टिकला कारण तिथे अख्खा खेळच एका जोडीने अडवला होता. तो अपवाद होता.

माझी कसोटी अशी: दोष जिथे राहतो तिथे बॅन लावा. हाऊंडस्टोनचं उदाहरण घ्या. लास्ट रिस्पेक्ट्स या चालीची ताकद ५०, आणि पडलेल्या प्रत्येक सोबत्यामागे आणखी ५०. पाच पडले की ३००. वर तो चालीसारखाच घोस्ट प्रकारचा, म्हणून दीडपट. वाळूच्या वादळात सँड रशने दुप्पट वेग. आधी हाऊंडस्टोनला बॅन केलं. मग तीच चाल घेऊन बास्क्युलिजन आला, तेव्हा चाल बॅन झाली आणि हाऊंडस्टोन सुटला. चालीशिवाय तो साधासुधा पोकेमॉन आहे. शेड टेल या चालीचंही तसंच. सायक्लिझारला कुणी घाबरत नव्हतं. घाबरायचे ते त्याने मागे ठेवलेल्या सब्स्टिट्यूटला (फटके झेलणाऱ्या बाहुलीला), ज्याच्या आड कुणीही येऊन आरामात फुगायचं.

उलट फ्लटर मेनमध्ये काढणार काय? स्पेशल अटॅक, स्पेशल डिफेन्स आणि वेग, तिन्ही १३५. दोष त्याच्या हाडातच आहे. तिथे पोकेमॉनच जायला हवा आणि तो गेला.

---

पर्वतीपायथा | रविवार, रात्री ८:४१

"दोष जिथे राहतो तिथे बॅन" याला अनुमोदन. हे नियमावलीच्या पहिल्या ओळीत घाला.

---

वनाज_मेट्रो | रविवार, रात्री ९:२०

मग टेराच का नको? सहाव्या पिढीच्या मेगाला (लढतीपुरत्या ताकदवान रूपाला) निदान दगड धरावा लागायचा. आठव्या पिढीचं डायनामॅक्स तर महिनाभरात उडवलं. टेरात तर समोरच्याचा प्रकार कधी बदलेल त्याचा पत्ताच लागत नाही.

---

मुठेकाठचा_गार्चॉम्प | रविवार, रात्री १०:१०

@वनाज_मेट्रो, डायनामॅक्समध्ये तीन चाली दुप्पट एचपी (जीव) आणि वर प्रत्येक हल्ल्यासोबत फुकटचा जास्तीचा परिणाम. मॅक्स एअरस्ट्रीम मारला की नुकसानही होतं आणि वेगही वाढतो. फुगायला वेगळी चाल खर्ची घालावीच लागत नव्हती, त्यामुळे अडवायला फट मिळत नव्हती. २०१९ च्या नोव्हेंबरात गेम आला, डिसेंबरात डायनामॅक्स ओयूतून गेलं.

टेराचंही मतदान झालं, गेम आल्यावर लगेच, २०२२ च्या डिसेंबरात. ते राहिलं आणि माझ्या मते बरोबर राहिलं. टेरा एकदाच मिळतो. तो कुणावर, कधी वापरायचा हा लढतीतला सगळ्यात मोठा निर्णय आहे, आणि तो दोघांनाही घ्यायचा असतो. तुमच्याकडेही टेरा शिल्लक असतो.

आता किंगॅम्बिट. काल ज्या लढतीवरून वाद पेटला तीच सांगतो, मी शेजारीच उभा होतो. एकीकडे फक्त किंगॅम्बिट, समोर फक्त ड्रॅगापल्ट. पाच सोबती पडलेले म्हणून सुप्रीम ओव्हरलॉर्ड या अॅबिलिटीने ५० टक्के जास्त ताकद. बघणारे म्हणाले, संपलं. किंगॅम्बिटचा वेग ५०, ड्रॅगापल्टचा १४२, तरी त्याची सकर पंच ही चाल आधी लागते. पण सकर पंच समोरचा हल्ला करणार असेल तरच लागतो. ड्रॅगापल्टवाल्याने विल-ओ-विस्प (हल्ला न करता भाजवणारी चाल) टाकलं. सकर पंच फसला, किंगॅम्बिट भाजला, त्याचा अटॅक निम्मा झाला. पुढच्या चालीला दोघंही हात हवेत धरून बसले होते, कारण आता प्रत्येकाला समोरच्याच्या मनातलं ओळखायचं होतं. हॉलमधले सगळे त्या एका लॅपटॉपभोवती गोळा झाले. अशा लढतीसाठीच आपण शनिवारची वाट बघतो. हा पोकेमॉन खेळ बिघडवतोय असं मी म्हणूच शकत नाही.

याच्याशेजारी चौथ्या पिढीतला गार्चॉम्प ठेवा (नाव लावलंय, तरी सांगतो, तो बॅन योग्य होता). त्याचा वेग १०२. तेव्हाचे कितीतरी चांगले पोकेमॉन बरोबर १०० वर अडकलेले, म्हणजे त्या दोन अंकांनी तो सगळ्यांच्या पुढे. 'याचे' नावाची बेरी धरल्यामुळे तो आइसचा एक फटका झेलायचा. त्यात वादळ चालू असेल तर सँड व्हेल या अॅबिलिटीमुळे तुमचा तो एकुलता एक फटकाही हुकायचा. तुम्ही सगळं बरोबर ओळखलं तरी हरायचात. किंगॅम्बिटसमोर बरोबर ओळखलं तर जिंकता. मला फरक इथे दिसतो.

---

जुना_टॉरोस | रविवार, रात्री १०:४५

आणि "सगळ्यांकडे आहे" हे कारण तर धरूच नका. पहिल्या पिढीत टॉरोस, चॅन्सी आणि स्नॉरलॅक्स जवळपास प्रत्येक टीममध्ये असतात. तिथे म्यूटू आणि म्यू बाहेर आहेत, पण या तिघांना कुणी हात लावलेला नाही. लोक तो खेळ आजही तितक्याच गोडीने खेळतात.

---

रास्तापेठ_किंगड्रा | रविवार, रात्री ११:०५

टॉरोस, तुमचं पटलं अर्धं. पण चौदा जणांच्या गटाला थोडे स्वतःचे नियम असायलाच हवेत. आमच्या वाड्यात क्रिकेट खेळायचो तेव्हा चेंडू काकूंच्या तुळशीवृंदावनाला लागला की आउट. हा नियम जगात कुठेच नाही, पण तुळस आमच्याच वाड्यात होती. आपल्याकडची तुळस म्हणजे आठवी-नववीतली चार पोरं, जी आताच खेळायला लागलीत. बॅनच्या याद्या लॅडरवर हजारो लढती खेळलेल्यांनी केल्यात. त्यांना जे झेपतं ते या पोरांना झेपेलच असं नाही.

---

सिंहगडरोडची_आई | सोमवार, सकाळी ७:५०

तुळशीचं बोललात म्हणून बरं वाटलं. पण मुलीला विचारलं, तर ती म्हणाली किंगॅम्बिट काढू नका, तिने त्याच्यासाठी आता टीममध्ये ग्रेट टस्क घेतलाय. फायटिंगचा फटका त्याला चौपट लागतो म्हणे.

---

मुठेकाठचा_गार्चॉम्प | सोमवार, रात्री ९:३०

मग मी असा प्रस्ताव ठेवतो, सगळ्यांचं वाचून.

ओयूची बॅन यादी जशी आहे तशी, स्लीपच्या चाली बंद. आपल्या वापरावरून टियर नाहीत. महिन्यातला एक शनिवार यूयू खेळायचं म्हणजे पोरांनाही आणि आपल्यालाही वेगळे पोकेमॉन हाताळायला मिळतील. रास्तापेठ म्हणतात तो मुद्दा मला तिथे सुटताना दिसतो, पोरांना सोपं जावं म्हणून मोठ्यांच्या खेळातून एकेक काढत बसण्यापेक्षा.

एखाद्या गोष्टीवर तक्रार असेल तर स्मोगॉनच्या सस्पेक्ट टेस्टचीच पद्धत लहान करून वापरू. तिथे नवीन खातं काढून लॅडरवर ठरावीक दर्जा गाठलेल्यांनाच मत असतं आणि बॅनला ६० टक्के लागतात. आपण दोन शनिवार ती गोष्ट खुली ठेवू. त्या दोन्ही शनिवारी जो खेळला, त्यालाच मत. तक्रार करणाऱ्याने निदान एका शनिवारी ती गोष्ट स्वतःच्या टीममध्ये घेऊन खेळायची. चौदा जणांत ६० टक्के म्हणजे नऊ मतं. साध्या बहुमताने नको, कारण आठ विरुद्ध सहा म्हणजे एकाला त्या आठवड्यात लागलेला क्रिटिकल हिट (नशिबाने जोरात बसलेला फटका).

---

वनाज_मेट्रो | सोमवार, रात्री ९:५८

स्वतः घेऊन खेळायची अट आवडली. किंगॅम्बिटची तक्रार माझी, पुढच्या शनिवारी मीच आणतो.

---

हिंजवडी_डबल्स | सोमवार, रात्री १०:२०

यूयूच्या शनिवारी एक टेबल डबल्सला द्याल का? चार जण मी आणतो.

---

मुठेकाठचा_गार्चॉम्प | सोमवार, रात्री १०:२५

देऊ.

---

मुठेकाठचा_गार्चॉम्प | रविवार (दोन आठवड्यांनी), सकाळी ११:००

काल मतदान झालं. किंगॅम्बिट बॅन करायला पाच, ठेवायला नऊ. तो राहिला. स्लीप परत आणायला दोनच मतं पडली. वनाज_मेट्रोने दोन्ही शनिवारी किंगॅम्बिट खेळवला आणि मत तरीही बॅनलाच दिलं. सकर पंच ओळखण्यात मजा आहे, पण टेरानंतर फायटिंगचं उत्तर निकामी होतं, असं तो म्हणतो. त्याचा मुद्दा वजनदार आहे. उबर्सचे नवे बदल आले की पुन्हा मतदान घेऊ.

पुढचा शनिवार यूयूचा. टीम शुक्रवारी रात्रीपर्यंत इथेच टाका, कारण यूयूची यादी नवीन लोकांना पाठ नसते आणि हॉलवर बसून तपासण्यात पहिली फेरी जाते. एक्स्टेंशन बोर्ड कुणीतरी आणा, मागचा जळाला.